पाच देश, चौदा पाठ

१ फेब्रुवारी २००२, शुक्रवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मनातलं लिहिण्यासाठी नाही, कामाच्या नोंदीसाठी. मनातलं वगैरे माझ्याकडे फारसं नसतं.

आधी काय झालं ते थोडक्यात. माझ्या बायकोला, अनुराधाला, जाऊन साडेतीन महिने झाले. दुबईतल्या एका भारतीय शाळेत ती पाचवी-सहावीला गणित शिकवायची. शेवटच्या वर्षी शाळेत जाणं झेपेना, तेव्हा घरी बसून तिने चौदा पाठ कॅसेटवर रेकॉर्ड केले. वर्गात लावायला. मंगळवारी शाळेने त्या कॅसेट परत दिल्या, बिस्किटांच्या डब्यात घालून. वर शोकसंदेश. त्यात तिचं नाव अनुपमा. नवीन मॅडम म्हणाल्या, सर, सिलॅबस बदललाय. कॅसेटना मी बांधून दिलेलं रबरबँड तसंच होतं. दोन वेढे, मध्ये गाठ. कोणी सोडलंच नव्हतं. शिसारी आली.

डबा घेऊन तसाच जबल अली बंदरावरच्या ऑफिसला गेलो. काउंटरवर जुलेखाबाई उभ्या. या घानाच्या व्यापारी. दुबईत जुने फ्रिज आणि टीव्ही घेतात आणि आमच्या कंपनीमार्फत बोटीने घरी पाठवतात. त्यांची कागदपत्रं माझ्याकडे असतात, मी डॉक्युमेंटेशन सुपरवायझर. भानुदास हे नाव त्यांना जमत नाही, मिस्टर बानू म्हणतात. अठरा वर्षांच्या नोकरीत मला कोणी बाईचं नाव दिलं नव्हतं. डबा बघून म्हणाल्या, मिस्टर बानू, एकटेच खाणार का? मी म्हणालो, यात बिस्किटं नाहीत, गणित आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझा भाऊ आमच्याकडे तमाले शहराजवळ हेडमास्तर आहे, त्याच्या शाळेत बिस्किटं मिळतात, गणिताला मास्तर मिळत नाही.

तिथेच निर्णय घेतला. पश्चिम आफ्रिकेतल्या शाळांना डिजिटल शिक्षण. कॅसेटच्या सीडी करायच्या, सीडीबरोबर कम्प्युटर द्यायचे. पहिला टप्पा १४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तिला जाऊन तारखेने वर्ष पूर्ण होईल तोवर. पाच देश, शंभर शाळा. नाव: अनुराधा डिजिटल लर्निंग मिशन. यात भावनेचा भाग नाही. तिकडे गरज आहे, इकडे माल आहे, वाहतूक माझ्या हातातली आहे.

पर्णिकाला सांगितलं. नववीत आहे. म्हणाली, ओके बाबा, बट हॅव यू हर्ड देम? मी म्हणालो, ऐकायचंय काय, ती रेकॉर्ड करत होती तेव्हा मी घरातच होतो.

३ फेब्रुवारी, रविवार.

लेटरहेड छापून आलं. खाली माझं नाव, ऑनररी चेअरमन. वर पृथ्वीगोल. गोल फिरवायला टायपिंग सेंटरवाला विसरला, त्यामुळे मधोमध जपान आहे. आफ्रिका मागच्या बाजूला असणार. पाचशे कागद वाया घालवता येत नाहीत.

पाचपैकी तीन देशांत फ्रेंच चालतं. ‘तीस दिवसांत फ्रेंच’ आणलं. रोज कंपनीच्या बसमध्ये वीस मिनिटं.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

फ्रेंच, पान १. शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर झोपला. केसांना आवळ्याचं तेल, माझ्या शर्टावर डाग. पुस्तक बंद केलं. उद्यापासून.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी.

इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. सेक्रेटरी राजाभाऊ. दुबईच्या करामा भागात मसाले-फरसाणचं दुकान, शारजाला गिरणी. मी मिशनची कल्पना मांडली. चार मिनिटांत, मुद्देसूद. राजाभाऊ म्हणाले, भानुदासराव, एकदम आफ्रिका? आपल्या जिल्ह्यातल्या शाळा काय ओस पडल्या? मी म्हणालो, आपल्याकडे मास्तर आहेत. ते म्हणाले, आहेत की, पण जुन्या फ्रिजसारखे, दार उघडलं की दिवा लागतो, आत काही नाही. सगळे हसले. एका बाईंनी विचारलं, तिकडे व्हेज मिळतं का. कोण जाणार आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

मंडळाने तत्त्वतः पाठिंबा दिला. नंतर हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं यावर एक तास वीस मिनिटं चर्चा. गाळणी की डबा. गाळणी.

राजाभाऊंनी चकलीचं सॅम्पल फिरवलं. तेलाला खवट वास. तीन खाल्ल्या, नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्यांच्या फ्रिजच्या विनोदाला चांगलं उत्तर होतं माझ्याकडे. ते मला घरी आल्यावर सुचलं.

संकल्प: मंडळात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. राजाभाऊंनी दहा कम्प्युटर द्यायचं कबूल केलं आहे, ते मिळेपर्यंत जावं लागेल.

२१ फेब्रुवारी, गुरुवार.

करामातल्या सतीशच्या दुकानात कॅसेट दिल्या. कॅसेटवरून सीडी करणं हा त्याचा धंदा. लग्नाच्या, बारशाच्या, सगळ्या करतो. म्हणाला, साहेब, चौदाही पाठ एका सीडीत आरामात मावतील. मी म्हणालो, पाठाला एक सीडी, चौदा सीडी. एका सीडीला कोणी मिशन म्हणत नाही.

सतीश म्हणाला, तुम्ही इथे बसा, हेडफोन लावा, कुठे खोकला असेल, भांड्याचा आवाज असेल, तर सांगा, कापून टाकतो. मी म्हणालो, कॅसेट ओरिजिनल जपानी आहेत, आवाज चांगलाच असणार. मला कामं होती. खाली टपरीवर जाऊन उभा राहिलो. दोन तास, चार चहा. चौथ्यात दुधावरची साय तरंगत होती, वर एक केस. काढून प्यालो.

१ मार्च, शुक्रवार.

पर्णिका दोन दिवस सतीशकडे बसून पाठांना चित्रं लावतेय. त्रिकोण, सफरचंदं, तराजू. आज घरी आली तेव्हा डोळे लाल. मी म्हणालो, त्या दुकानातल्या एसीची धूळ. ती म्हणाली, येस बाबा, डस्ट. मग म्हणाली, यू शुड हिअर इट. जस्ट वन्स.

आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्ट स्वतः अनुभवून बघायची असते. क्वालिटी कंट्रोलचा साधा नियम आहे, सगळा माल तपासत नाहीत, सॅम्पल तपासतात. सतीशने सॅम्पल ऐकलं आहे.

१५ मार्च, शुक्रवार.

राजाभाऊंचे कम्प्युटर आले. दहा कबूल केले होते, सहा आले. चार वर्षं मसाल्याच्या गिरणीत होते. की-बोर्ड उलटा केला तर वाटीभर हळद पडली. एंटरचं बटण दाबलं की खालीच राहतं. सतीशने एकाचं झाकण उघडून ब्लोअर मारला. आत लाल तिखट. तो, मी आणि त्याची दोन गिऱ्हाइकं पंधरा मिनिटं रस्त्यावर शिंकत उभे. त्यातलं एक गिऱ्हाईक लग्नाची सीडी न घेताच गेलं.

राजाभाऊंना फोन केला. म्हणाले, झोंबलं ना? भेसळ नाही, म्हणून झोंबतं. आणि म्हणाले, भानुदासराव, त्या पोरांना सांगा, ही हळद औषधी आहे.

मी फोन ठेवला. आधी थँक्यू म्हणालो.

५ एप्रिल, शुक्रवार.

अबुधाबीला व्हॅन घेऊन गेलो. तिथे एका काँट्रॅक्टिंग कंपनीत वासुदेव म्हणून ओळखीचे आहेत, त्यांनी तीस कम्प्युटर देतो म्हटलं होतं. चौदा दिले. घरी येऊन उघडले तर नऊ नुसती खोकी, आतलं सगळं आधीच कोणीतरी काढून घेतलेलं. उरलेल्या पाचांत झुरळं. रिकाम्या खोक्यांतही झुरळं, पण तिथे त्यांना जागा प्रशस्त. येताना जबल अलीच्या आसपास एक माझ्या कॉलरमधून मानेवर आलं. ताशी शंभरचा वेग, हात स्टिअरिंगवर. मी काही केलं नाही. ते मानेवरून कानामागे गेलं आणि तिथे थांबलं.

वासुदेव निघताना म्हणाले होते, मोठं पुण्याचं काम करताय. माणूस आधी स्वतःचं ऑफिस झाडतो आणि मग केराला दान म्हणतो. या सगळ्या प्रकाराचा वीट आला आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार.

तीन शुक्रवार साफसफाई. कान साफ करायच्या काड्या, स्पिरिट, जुना टूथब्रश. अबुधाबीच्या एका की-बोर्डमधून नखं निघाली. कापलेली, वीसेक. म्हणजे हा माणूस ऑफिसच्या वेळेत कंपनीच्या की-बोर्डवर बसून हातांची आणि पायांचीही कापत होता. पर्णिका बघून बाथरूममध्ये पळाली. मी सगळी मोजून कागदात गुंडाळली. का मोजली सांगता येत नाही.

एकूण वीस कम्प्युटर. चालू पाच.

शंभर शाळांचा आकडा कागदावर तसाच ठेवला आहे. सुरुवातीला एक शाळा, जुलेखाबाईंच्या भावाची. याला पायलट प्रोजेक्ट म्हणतात. मोठमोठ्या संस्था मुद्दाम असंच करतात.

फ्रेंच: पान १.

१२ मे, रविवार. संध्याकाळी.

मंडळाने निरोप समारंभ ठेवला. कम्प्युटरांना निरोप. मागे बॅनर: राजाभाऊ मसाले, आफ्रिकेच्या सेवेत. खाली कोपऱ्यात अनुराधाचं नाव, बारीक अक्षरात. तिच्या फोटोला हार घातला, तो फोटोपेक्षा मोठा. फोटोत फक्त कपाळ दिसत होतं. भाषणांत तिला दोघांनी कै. म्हटलं आणि एकाने कु.

राजाभाऊ मध्येच उठून म्हणाले, वहिनींचा एक पाठ लावू या, दोन मिनिटं, सगळ्यांना ऐकू दे. टाळ्या झाल्या. मी म्हणालो, सीडी पॅक झाल्यात, जबल अलीला पोचल्या. पर्णिका माझ्याकडे बघत राहिली. सीडी माझ्या मांडीवरच्या बॅगेत होत्या, तिने स्वतः भरल्या होत्या.

त्या लोकांना ऐकवण्यात अर्थ नव्हता. बटाटेवड्यांचा घाणा चालू होता, कोणी ऐकलं नसतं. पाठ विद्यार्थ्यांसाठी असतात.

३० मे, गुरुवार.

माल गेला. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीवरच्या मालाची पावती, मी स्वतः केलं, एक खाडाखोड नाही. अठरा वर्षांतलं सर्वांत सुबक.

पॅकिंगबद्दल लिहू नये, पण लिहितो. जुलेखाबाई म्हणाल्या, मिस्टर बानू, वेगळी पेटी कशाला, फ्रिज आतून रिकामेच जातात. पाच कम्प्युटर पाच जुन्या फ्रिजमध्ये बसवले, सीडी अंड्यांच्या कप्प्यात. एका फ्रिजला सुक्या मासळीचा वास, आणि दाराला कोणाचा तरी सुकलेला टोमॅटो सॉस. मी रुमालाने पुसायला गेलो, निघाला नाही. डिजिटल लर्निंग मिशन मासळीच्या फ्रिजमधून जातं आहे. जुलेखाबाई म्हणाल्या, तोंड असं काय करता, यातून मी एकदा नवरीचा शालू नेलाय.

२२ जुलै, सोमवार.

पत्र नाही. बोट पोचून दोन आठवडे झाले. जुलेखाबाई तिकडे गेल्या आहेत. आफ्रिकेत कामं सावकाश होतात, हे मी गृहीत धरलंच होतं.

पर्णिका सुट्टीला पुण्याला मावशीकडे. घरी मी एकटा. टीव्ही चालू ठेवतो, बातम्यांसाठी. मल्याळी चॅनल लागतं, बदललेलं नाही. दही काल उघडलं तर वर निळी बुरशी. बाजूला सारून खाल्लं.

संकल्प: १. रोज फिरायला जाणे, ऊन उतरल्यावर. २. फ्रेंच. ३. दही.

२९ जुलै, सोमवार.

ऊन उतरत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार.

पत्र आलं. हेडमास्तर मिस्टर इद्रिसू, स्वतःच्या अक्षरात, तीन पानं. पाचही कम्प्युटर चालतात, एकातून अधूनमधून पिवळी पूड पडते, ती काय आहे असं विचारलं आहे. सहावीत चौसष्ट मुलं. रोज पहिल्या तासाला अनुराधाचा पाठ. पाठ सुरू झाला की मुलं उभी राहतात आणि कम्प्युटरला गुड मॉर्निंग मॅडम म्हणतात. त्यांनी नको म्हणून सांगून बघितलं, मुलं ऐकत नाहीत. एक मुलगी रोज स्पीकर पुसते.

पत्र सहा वेळा वाचलं. तपशील नीट कळावेत म्हणून. ऑफिसच्या झेरॉक्सवर बारा प्रती काढल्या. पर्णिकाला वाचून दाखवताना दुसऱ्या पानावर चष्मा पुसायला थांबलो. एसी.

मिशनची व्याप्ती वाढवतो आहे. पाचऐवजी सात देश.

१४ ऑक्टोबर, सोमवार.

वर्ष झालं.

भटजी बोलावले नाहीत, तिला आवडायचं नाही. राजाभाऊ बायकोबरोबर आले, न बोलावता. डब्यात पुरणपोळ्या. स्वतःच सहा खाल्ल्या, हनुवटीवरून तूप. मला बघवेना. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, वहिनींनी आमच्या पोराला, सिद्धांतला, अपूर्णांक शिकवले, आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून, वर्षभर. त्याला अजून येतात, मला अजून येत नाहीत. नंतर बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

शंभर शाळांपैकी एक झाली. लोक लगेच टक्केवारी काढायला बसतात. शिक्षणात टक्केवारीने काही कळत नाही, हे अनुराधाच म्हणायची.

७ जानेवारी २००३, मंगळवार.

इद्रिसूंचं दुसरं पत्र. शब्द न् शब्द सभ्य. मजकूर असा.

सहामाही परीक्षा झाली. चौथा प्रश्न: एक शतसहस्र हा आकडा अंकांत लिहा. म्हणजे वन हंड्रेड थाउजंड. चौसष्टपैकी एकसष्ट मुलांनी एक लिहून स्वल्पविराम दिला, मग दोन शून्यं, पुन्हा स्वल्पविराम, मग तीन शून्यं. शेजारी लिहिलं, वन लाख. पुढच्या प्रश्नाला सत्तावन्न मुलांनी क्रोर असं उत्तर दिलं. तपासनीस आले होते. त्यांनी विचारलं, हे लाख काय आहे? मुलं एका सुरात म्हणाली, शंभर हजार, सर. स्वल्पविराम चुकीच्या जागी म्हणून सगळी नापास. तपासनीसांनी इद्रिसूंना लेखी विचारलं आहे, हे कुठून शिकवता.

पुढे लिहिलं आहे: मॅडमचा दोष नाही, त्यांच्या देशात तसंच असणार. फक्त संख्यांचा तो एक पाठ दुरुस्त करून पाठवावा. तेवढं केलंत तर बाकीचे तेरा मी कोणालाही काढू देणार नाही. जानेवारीअखेर मिळावा, फेब्रुवारीत तपासनीस पुन्हा येणार.

मी अठरा वर्षं रोज हजारो आकडे लिहितो, सगळे इंग्रजी पद्धतीने. पाठ एकदा जरी ऐकला असता तर पहिल्या मिनिटाला धरलं असतं. सतीशने ऐकला होता. पर्णिकाने ऐकला होता. एकालाही खटकलं नाही, दोघांच्याही डोक्यात लाखच. अशा लोकांवर विसंबून राहिलो.

९ जानेवारी, गुरुवार.

जुलेखाबाई काउंटरवर. आज जास्त हसल्या नाहीत. म्हणाल्या, मिस्टर बानू, हे लाख मला माहीत आहे. करामातला दुकानदार लाख म्हणाला की मी कॅल्क्युलेटर काढते. पण मुलांकडे कॅल्क्युलेटर नाही. आणि म्हणाल्या, माझ्या भावाची नोकरी त्या मॅडमवर उभी आहे, तुम्ही करून द्या, यल्ला, लवकर.

मी म्हणालो, इन्शाल्ला. त्या म्हणाल्या, नको, इन्शाल्ला नको, तारीख सांगा.

पर्णिकाची प्रिलिम चालू आहे, दहावी. तिला वेळ नाही. म्हणाली, बाबा, यू डू इट. इट्स ओन्ली इलेव्हन मिनिट्स.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी.

सतीशकडे गेलो. त्याने पाठ लावून ठेवला होता. म्हणाला, साहेब, फक्त ऐका आणि लाख आलं की हात वर करा, तेवढं वाक्य मी उडवतो. त्या जागी पर्णिका नंतर दोन शब्द बोलेल, पेपर संपले की. हेडफोन हातात दिला.

हेडफोनचे स्पंज काळे पडलेले. दहा-पंधरा लोकांच्या कानांचा मळ, घाम, वर कसलंतरी अत्तर. एका बाजूला चिकट. मला किळस आली. अशी वस्तू माणूस कानाला लावूच शकत नाही. खाली ठेवला. सतीश म्हणाला, पुसून देतो. मी म्हणालो, पुसून जात नाही हे. तो म्हणाला, मग स्पीकरवर लावतो. मी म्हणालो, दुकानात गिऱ्हाईक आहे. दुकानात मीच होतो.

घरी येऊन हातात घेतलेलं काम मात्र पूर्ण केलं. लाख या संख्येचं समर्थन, चार पानं, लेटरहेडवर. इतिहास, सोय, तर्कशुद्धता. लाख हे शतसहस्रापेक्षा कसं सुटसुटीत आहे. तपासनीसांनी मोकळ्या मनाने विचार केला तर त्यांचा देशही ही पद्धत स्वीकारू शकेल. कुरिअर केलं. दुरुस्त पाठापेक्षा हे जास्त मूलभूत काम झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

इद्रिसूंचं तिसरं पत्र. एक पान.

तुमचं टिपण आदराने वाचलं. तपासनीसांना दाखवलं नाही. गावात आता एक बाई शिकवायला आठवड्यातून दोनदा येतात, त्यांनी कम्प्युटरच्या माइकवर संख्यांचा पाठ स्वतः रेकॉर्ड केला. मुलांना त्यांचा उच्चार सोपा गेला, म्हणून मग बाकीचे तेराही केले. कम्प्युटर उत्तम, मुलं आता स्वतः रेकॉर्ड करायला शिकत आहेत, तुमच्या मिशनचे उपकार विसरणार नाही. सीडींच्या वेष्टनावर तुम्ही लिहिलं आहे, मिशनची मालमत्ता, वापर नसल्यास परत करावी. त्याप्रमाणे चौदाही पोस्टाने पाठवत आहे. मुलांना वाईट वाटलं. मॅडम कुठे चालल्या असं विचारत होती. मी सांगितलं, मॅडम घरी जात आहेत.

हेडमास्तरने मुलांशी खोटं बोलू नये. एवढीच माझी हरकत आहे.

पर्णिकाने पत्र वाचलं. पत्राची घडी घालून माझ्यासमोर ठेवली आणि अभ्यासाला गेली.

तसं बघितलं तर मिशन यशस्वी झालं. शाळा स्वतःच्या पायावर उभी राहिली, हेच आपलं ध्येय होतं. लेटरहेड चारशे ऐंशी शिल्लक.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ११.

पोस्टात गेलो. परदेशातून सीडी आली की आत काय आहे ते बघून मगच देतात, असं काउंटरवर सांगितलं. अधिकारी युसुफ, छातीवर नाव. तरुण, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, नम्र. माझ्यामागे लाइन, पुढे काउंटरवर कोणाच्यातरी सांडलेल्या चहाचं चिकट वर्तुळ. मी कोपर त्यात टेकवलं होतं, नंतर कळलं.

त्याने पार्सल फोडून एक सीडी उचलली आणि कम्प्युटरमध्ये घातली. हेडफोन नव्हता. स्पीकर.

इंग्रजीत पाठ सुरू झाला. त्रिकोणाचे तीन कोन. आवाज स्पष्ट. दोन-तीन मिनिटं चाललं असेल, लाइनीतले लोकही ऐकत होते, त्यांना दुसरा उद्योग नव्हता. मग मध्येच ती इंग्रजी थांबवून म्हणाली, अहो, तेवढं दार लावून घ्या ना, बाहेरचा आवाज येतोय. नंतर दार लागल्याचा आवाज. नंतर पुन्हा त्रिकोण.

हे वाक्य सतीशने कापायला हवं होतं. पर्णिका शेजारी बसली होती, तिनेही सांगितलं नाही. दोघेही बेजबाबदार.

युसुफने सीडी थांबवली. विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हणालो, मराठी. बाई काय म्हणाल्या? मी म्हणालो, दार लावा म्हणाल्या. कोणाला? तो पावती बघत म्हणाला, इथे नाव भानुदास आहे, हा अहो कोण?

मी म्हणालो, मीच.

त्याने माझं कार्ड मागितलं. कार्डावर अहो नव्हतं. मी सांगितलं, हे नाव कागदावर कुठे नसतं. हे एकाच माणसाने म्हणायचं असतं. माझं इंग्रजी पुरलं की नाही माहीत नाही. त्याने कार्ड परत दिलं, पावतीवर शिक्का मारला आणि सीडी पार्सलमध्ये ठेवून पार्सल माझ्याकडे सरकवलं.

मी म्हणालो, अजून तेरा आहेत. तो म्हणाला, ठीक आहे, घेऊन जा. मी म्हणालो, नाही, नियम आहे, सगळ्या तपासून घ्या, आणि ही अर्धीच झाली. तो म्हणाला, खलास, अंकल, मागे लाइन बघा.

एक अर्धवट बघायची आणि तेरा तशाच सोडायच्या, याला काम म्हणत नाहीत. मी पार्सल घेतलं आणि लाइनीच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिलो.